‘गिव्ह अप’ : सोडणे, सुटणे आणि सोडावे लागणे

‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. हे दोन्ही शब्द पाचवीतल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात. परंतु ‘गिव्ह अप’ असे जोडून आले की दहावीचा विद्यार्थीही अडखळतो. कारण तेथे बहुधा कोणी काही देत नसते आणि काही वरही जात नसते. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. ‘शी गेव्ह अप होप’ म्हणजे तिने आशा सोडली. ‘द थीफ गेव्ह हिमसेल्फ अप’ म्हणजे चोर आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला. मार्गदर्शिकेत याच्या पुढे समानार्थी शब्दांची एक ओळ छापलेली असते : स्टॉप, क्विट, सरेंडर, अबँडन, रिलिंक्विश, रिनाउन्स, सॅक्रिफाइस. विद्यार्थी ती पाठ करतो आणि एकाच्या जागी दुसरा शब्द बिनदिक्कत ठेवतो. त्याला गुण मिळतात, पण वाक्याचा अर्थ मात्र बदलून गेलेला असतो.

हे शब्द एकमेकांच्या शेजारी राहतात, परंतु एकमेकांच्या घरात राहत नाहीत, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. एखादी गोष्ट कोणी सोडली, कोणाच्या हाती सोडली आणि स्वतःच्या इच्छेने सोडली की सोडावी लागली, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शब्द वेगळी देतो. म्हणून शब्दाची निवड हा केवळ व्याकरणाचा विषय राहत नाही. ज्यांच्या पूर्वजांविषयी बरेचसे इतरांनीच लिहून ठेवले, त्यांच्या मुलांनी तर क्रियापद फार जपून वाचावे, असे आम्हास वाटते.

ही रचना आपल्याला परकी नाही

क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘इन’, ‘ऑफ’ असा लहानसा शब्द जोडून नवा अर्थ तयार करण्याची इंग्रजीची रीत जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी अशा क्रियापदांची दखल घेतली आणि परकीयांना सर्वाधिक त्रास यांचाच होतो, अशा आशयाचे मत नोंदविले. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच अलीकडचे. लोगन पियर्सल स्मिथ यांच्या 1925 सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथामुळे ते रूढ झाले. ते ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविले होते.

आपली मुले या क्रियापदांना उगाच घाबरतात. मराठीतही हेच घडते, फक्त जोडीचा शब्द अव्यय नसून दुसरे क्रियापद असते. ‘खाणे’ आणि ‘खाऊन टाकणे’ यांत फरक आहे. ‘खाऊन टाकले’ म्हणजे पानात काही उरले नाही. तेथे कोणी काही टाकलेले नसते. ‘विसरून जाणे’ यात कोणी कोठे जात नाही. ‘सोडून देणे’ यात तर ‘देणे’ हे क्रियापद आहेच, आणि तरीही कोणाला काही दिलेले नसते. इंग्रजीतील ‘अप’ पुष्कळदा आपल्या ‘टाकणे’सारखेच काम करतो : ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. काम पुरते झाले, मागे काही शिल्लक नाही, ही त्याची छटा. ‘गिव्ह’ला ही पूर्णतेची छटा लागली, की हातातले सर्व देऊन टाकणे आणि त्यावरून धरलेले सोडून देणे हा अर्थ कसा आला असेल, ते सहज उमगते. ‘गेव्ह अप द घोस्ट’ हा जुना इंग्रजी वाक्प्रचार मराठी माणसाला तर समजावून सांगण्याचीही गरज पडू नये. आपणही ‘प्राण सोडला’ असेच म्हणतो.

वापराचे चार नियम

पहिला नियम : ‘गिव्ह अप’नंतर दुसरी क्रिया आली तर ती ‘इंग’ प्रत्ययाच्या रूपात येते. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ हे शुद्ध. ‘ही गेव्ह अप टु स्मोक’ हे अशुद्ध. मराठीत आपण ‘ओढायचे सोडले’ म्हणतो, म्हणून ‘टु’ वापरण्याचा मोह होतो, तो आवरावा.

दुसरा नियम : कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर, कोठेही चालते. ‘गिव्ह अप द जॉब’ आणि ‘गिव्ह द जॉब अप’ ही दोन्ही बरोबर. परंतु कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते : ‘गिव्ह इट अप’. ‘गिव्ह अप इट’ असे कोणी म्हणत नाही.

तिसरा नियम : कर्म नसले तरी वाक्य पूर्ण होते. ‘आय गिव्ह अप’ म्हणजे मी हरलो, मला उत्तर येत नाही, मी थांबतो. ‘डोंट गिव्ह अप’ म्हणजे हिंमत सोडू नकोस.

चौथा नियम : ‘गिव्ह अप’पुढे ‘ऑन’ आला की अर्थ पुन्हा वळतो. ‘गिव्ह अप ऑन समवन’ म्हणजे त्या व्यक्तीकडून असलेली आशाच सोडणे, याचे आता काही होणार नाही असे मनाशी ठरवणे. या चौथ्या वापराकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

समानार्थी शब्दांचे कुळ

एवढे समानार्थी शब्द आले कोठून? याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. 1066 साली नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबार, न्यायालय आणि जमीनदारी यांवर फ्रेंचचा अंमल राहिला. धर्मपीठ आणि विद्वत्ता यांची भाषा लॅटिन होती. शेतात, स्वयंपाकघरात आणि बाजारात इंग्रजी बोलली जात होती. न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडावी असा कायदा होण्यास 1362 साल उजाडले. राज्यकर्त्यांचे आणि पंडितांचे शब्द असे वरून खाली झिरपले, आणि एकाच क्रियेसाठी साधा, दरबारी व ग्रांथिक असे तीन पदरी शब्द तयार झाले.

मराठीलाही हे पदर आहेत. ‘सोडणे’ हा शब्द घरोघरचा, प्राकृतातून आलेला. ‘परित्याग’ हा संस्कृत, ग्रंथातला. ‘राजीनामा’ हा फारसी, कचेरीतला. त्याचा मूळ अर्थच ‘राजी असल्याचा लेख’ असा आहे. सोडणाऱ्याची संमती त्या शब्दाच्या पोटातच आहे.

आता एकेक इंग्रजी शब्द पाहू. ‘स्टॉप’ म्हणजे फक्त थांबणे. उद्या पुन्हा सुरू होऊ शकते. ‘गिव्ह अप’मध्ये कायमचे थांबण्याचा निर्धार किंवा हताशा असते. ‘क्विट’ हा मोकळे होण्याच्या कल्पनेतून आलेला शब्द. नोकरी, खेळ किंवा सवय सोडून बाहेर पडणे. ‘सरेंडर’ हा फ्रेंच वळणाचा शब्द. त्यात समोर बलवान पक्ष असावाच लागतो. जपानने 1945 साली ‘सरेंडर’ केले. तेथे ‘क्विट’ म्हणता येणार नाही. ‘यील्ड’ हा जुन्या इंग्रजीतला, मूळचा ‘चुकते करणे’ या अर्थाचा. दाबापुढे वाकणे ही त्याची आजची एक छटा. ‘अबँडन’ म्हणजे जबाबदारी असताना वाऱ्यावर सोडणे. मूल, जहाज, उभे पीक हे ‘अबँडन’ होतात, व्यसन सहसा होत नाही. ‘रिलिंक्विश’ म्हणजे ताबा किंवा हक्क सोडणे. हा दस्तऐवजातला शब्द. ‘अ‍ॅब्डिकेट’ म्हणजे सिंहासन सोडणे. आठव्या एडवर्डने 1936 साली ते केले. ‘सॅक्रिफाइस’ म्हणजे मोलाची गोष्ट अधिक मोलाच्या गोष्टीसाठी देणे.

‘रिझाइन’ म्हणजे पद सोडणे, तेही रीतसर कळवून. बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ सोडले. त्या प्रसंगी ‘रिझाइन्ड’ हेच क्रियापद योग्य. कारण पद सोडले, पण ज्या हिंदू कोड बिलासाठी ते सोडले त्याचा आग्रह सोडला नाही. तेथे नुसतेच ‘गेव्ह अप’ लिहिले तर हार मानली असा भलताच अर्थ निघेल.

‘रिनाउन्स’ या शब्दाच्या मुळाशी जाहीर घोषणेची कल्पना आहे : यापुढे हे माझे नाही, असे सर्वांसमक्ष सांगणे. सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाला इंग्रजी ग्रंथ ‘द ग्रेट रिनन्सिएशन’ म्हणतात. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी त्या प्रसंगाचे कारण शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखविले आहे. युद्धाला विरोध करणारा तरुण संघासमोर आपला निर्णय सांगून परिव्रज्या घेतो. ही कथा वाचल्यावर त्या जागी ‘अबँडन’ हा शब्द बसत नाही. तेथे घर वाऱ्यावर सोडून पळणे नाही. विचारपूर्वक, सांगून सोडणे आहे.

न सोडलेली जागा

‘गिव्ह अप’ या क्रियापदाचा इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध वापर नकारार्थी आहे. 1 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेने बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला. इंग्रजी पुस्तके हे वाक्य जवळजवळ ठरल्यासारखे लिहितात : त्यांनी आपली जागा ‘गिव्ह अप’ करण्यास नकार दिला.

हेच क्रियापद का? ‘व्हेकेट’ म्हटले असते तर जागा केवळ रिकामी झाली असती. ‘गेट अप’ म्हटले असते तर फक्त शरीर उठले असते. ‘गिव्ह अप’ म्हणताच एक गोष्ट आपोआप मान्य होते : जे आपल्याकडे आहे, तेच सोडता येते. त्या शहरातील तत्कालीन व्यवस्थेच्या लेखी ती जागा पार्क्सबाईंची नव्हतीच. गोरा प्रवासी येईपर्यंतची ती सवलत होती. आज इतिहास लिहिताना आपण ‘गिव्ह अप’ म्हणतो, तेव्हा ती जागा त्यांच्या हक्काची होती अशी साक्ष क्रियापदच देऊन जाते.

येथेच ‘गिव्ह इन’ हे जवळचे क्रियापद समजून घ्यावे. ‘गिव्ह अप’मध्ये वस्तू सुटते, ‘गिव्ह इन’मध्ये माणूस वाकतो. ‘गिव्ह इन’ला कर्म नसते, कोणापुढे वाकला ते ‘टु’ लावून सांगतात. त्या रांगेतील इतर तिघे प्रवासी चालकाच्या सांगण्यावरून उठले. त्यांनी जागा ‘गिव्ह अप’ केली एवढे आपण खात्रीने म्हणू शकतो. ते मनाने ‘गिव्ह इन’ झाले होते की नाही, हे आपल्याला दुरून सांगता येणार नाही.

पार्क्सबाई दमलेल्या म्हाताऱ्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, अशी एक सोपी कथा पुढे पसरली. प्रत्यक्षात त्या 42 वर्षांच्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव म्हणून काम केलेल्या कार्यकर्त्या होत्या. अंगाच्या थकव्याचे कारण त्यांनी स्वतःच पुढे नाकारले. त्याच शहरात, त्याच वर्षी 2 मार्च रोजी, क्लॉडेट कोल्व्हिन या 15 वर्षांच्या शाळकरी मुलीनेही जागा सोडण्यास नकार देऊन अटक पत्करली होती. पार्क्सबाईंच्या अटकेनंतर 5 डिसेंबरपासून शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. तो 381 दिवस चालला. लोक मैलोन्‌मैल पायी गेले. नोव्हेंबर 1956 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निर्णय कायम केला. त्या खटल्यातील फिर्यादींमध्ये कोल्व्हिन होती. बसचा प्रवास त्यांनी ‘गिव्ह अप’ केला, म्हणून ‘गिव्ह इन’ करावे लागले नाही.

पुणे कराराला कोणते क्रियापद?

आता घरचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गाला प्रांतिक कायदेमंडळांत 71 जागा, त्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत दिले. 20 सप्टेंबरला गांधीजींनी येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले. 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. संयुक्त मतदारसंघात 148 राखीव जागा आल्या.

बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघांचे काय केले, हे इंग्रजीत एका क्रियापदात सांगा, असा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. ‘गेव्ह अप’ म्हटले तर ते गेले एवढेच कळते. का गेले ते कळत नाही. ‘सरेंडर्ड’ म्हटले तर समोरचा विजेता ठरतो आणि 148 जागा दिसेनाशा होतात. ‘फॉरगो’ म्हणजे आपखुशीने पाणी सोडणे. तो शब्द वापरला तर उपोषणाचे दडपण पुसले जाते. ‘रिनाउन्स्ड’ तर सरळ चूक. कारण ती मागणी अयोग्य होती असे त्यांनी कधी जाहीर केले नाही. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात स्वतंत्र मतदारसंघांची मागणी पुन्हा आहे. ‘कन्सीडेड’ या शब्दात वाटाघाटीचे टेबल दिसते : दडपणाखाली एक गोष्ट द्यावी लागली, पण मोबदला घेऊन. आमच्या मते हाच शब्द वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ जातो. विद्यार्थ्याने मूळ कागद वाचून वेगळा शब्द निवडला तर त्याचे स्वागत आहे. अट इतकीच, की निवडीचे कारण त्याला सांगता आले पाहिजे. शिवाय कर्माकडेही पाहावे. कराराने मतदारसंघ सुटले, मागणी सुटली नाही. ‘गिव्ह अप’चे कर्म कोणते, यावर इतिहासाचा अर्थ असा फिरतो.

आपल्या घरातले कागद

पालकांना हा विषय दूरचा वाटू नये. ‘हक्कसोडपत्र’ हा कागद तलाठी कार्यालयापासून दुय्यम निबंधकापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘रिलिंक्विश’ हेच क्रियापद येते. 2005 च्या दुरुस्तीने वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा मिळाला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करताना आपण पाहतो, आणि त्यात ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे शब्द असतात. काही ठिकाणी ते खरे असतात. काही ठिकाणी माहेर तुटेल ही भीती सहीमागे उभी असते. कागद म्हणतो ‘रिलिंक्विश्ड’. घडलेले असते ‘गेव्ह इन’. सही करण्यापूर्वी हा फरक बहिणीला समजावून सांगणे, हे शिकलेल्या भावाचे काम आहे.

दुसरा कागद म्हणजे ‘शाळा सोडल्याचा दाखला’. त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. मराठीत ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ अशी जोडी आहे. ‘त्याने शाळा सोडली’ यात कर्ता मुलगा आहे. ‘त्याची शाळा सुटली’ यात मुलाच्या हातून ती निसटली आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फडावर राहिलेल्या मुलीने शाळा सोडली असे म्हणणे म्हणजे तिच्यावर ठपका ठेवणे होय. इंग्रजीत लिहायचे तर ‘शी गेव्ह अप स्कूल’ नव्हे. ‘शी हॅड टु गिव्ह अप स्कूल’ असे लिहावे. ‘हॅड टु’ या दोन लहान शब्दांत आख्खी परिस्थिती मावते, आणि दोष योग्य जागी जातो.

म्हणून विद्यार्थ्यांनी ‘गिव्ह अप’चा समानार्थी शब्द निवडताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत. सुटलेली वस्तू कोणती : सवय, हक्क, पद की आशा? ती कोणाच्या हाती गेली, की कोणाच्याच नाही? सोडणाऱ्याची इच्छा होती, की दडपण होते? आणि परतीची वाट उरली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की यादी पाठ करावी लागत नाही. योग्य शब्द आपोआप पुढे येतो.

आता तो चौथा वापर : ‘गिव्ह अप ऑन’. मुलगा नापास झाला, वसतिगृहातून दोनदा पळून गेला, पाढे येत नाहीत, घरून कोणी भेटायला येत नाही. अशा वेळी शिक्षक त्याच्याविषयीची आशा सोडतो, तेव्हा इंग्रजीत म्हणतात, ‘द टीचर गेव्ह अप ऑन हिम’. या वाक्यात मुलाने काहीच सोडलेले नसते. सोडणारे आपण असतो. निवासी शाळेचे काम मोजण्याचे हे एक माप आहे, आणि ते निकालाच्या टक्केवारीत दिसत नाही. या स्मरणिकेच्या वाचकांत असे अनेक माजी विद्यार्थी असतील, ज्यांच्याविषयीची आशा एकेकाळी गावाने सोडली होती आणि कोणा एका शिक्षकाने, कोणा एका स्वयंपाकीणबाईने किंवा कोणा मोठ्या वर्गातल्या मुलाने सोडली नव्हती. त्यांना आमची एवढीच विनंती आहे : सुट्टीत गावी जाल तेव्हा शाळा सुटलेले एक तरी मूल शोधा, त्याच्या दाखल्यावरील तो रकाना वाचा, आणि तेथे लिहिलेले कारण खरे आहे काय, ते त्याच्या आईला विचारा.